आम्ही साड्या नेसतो आणि गप्पा मारतो

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत स्त्रीवेश करणाऱ्या पुरुषांविषयीचा पानभर लेख वाचला. लेखामागचा हेतू चांगला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमच्यासारख्यांची टिंगल करण्यासाठी तो लिहिलेला नव्हता, आणि एवढ्यासाठीही आभार मानावेत अशीच आजवरची परिस्थिती आहे. तरीही हे पत्र लिहावेसे वाटले, कारण त्या मजकुरात ‘घुसमट’ हा शब्द मी नऊ वेळा मोजला आणि हसण्याचा उल्लेख मात्र एकदाही सापडला नाही. हिशेबाच्या कामात तीस वर्षे काढल्यामुळे मोजण्याची सवय लागली आहे, ती क्षम्य मानावी.

मी स्वतः त्या लेखाच्या विषयात मोडतो. वय छप्पन्न, नोकरी खासगी, पत्नी आणि दोन मुले, मूळ गाव मालवण तालुक्यात आणि मुक्काम ठाणे जिल्ह्यात. गेली चौदा वर्षे आम्ही सहा जण दीड-दोन महिन्यांतून एकदा, शक्यतो कामाच्या वारी रजा टाकून, एका मित्राच्या घरी जमतो, साड्या नेसतो, जेवतो, गप्पा मारतो आणि संध्याकाळी पाचच्या आत पुन्हा शर्ट-पँट घालून आपापल्या लोकलने घरी जातो. आमच्यात ‘क्रॉसड्रेसर’ या लांबलचक शब्दाऐवजी ‘सीडी’ एवढेच म्हणण्याची पद्धत आहे, आणि त्यामुळे एका मित्राच्या पत्नीची कित्येक महिने अशी समजूत होती की आपला नवरा जुन्या गाण्यांच्या तबकड्या जमवणाऱ्या मंडळात जातो. सत्य कळल्यावर तिला धक्का बसलाच. पण घरात एकही तबकडी का येत नाही हे कोडे सुटल्याचे समाधानही वाटले, असे तिनेच नंतर सांगितले.

लेखासोबत छापलेले छायाचित्र अंधाऱ्या खोलीचे होते. आरशासमोर पाठमोरा बसलेला पुरुष, अंगावर साडी आणि आरशात ओघळलेले काजळ. आमच्याकडे अंधार नसतो. उलट खोलीतले सगळे दिवे लावून वर एक जादा ट्यूबलाइट बसवून घेतलेली आहे, कारण अंधारात लायनर सरळ येत नाही आणि पन्नाशीनंतर चाळिशीच्या चष्म्याशिवाय तो उजेडातही येत नाही. चष्मा लावून डोळ्यांना लायनर कसे लावायचे, हा प्रश्न आमच्यातल्या एका निवृत्त अभियंत्याने सोडवला आहे. त्याने जुन्या चष्म्याची एक काच काढून टाकली. काच असलेल्या डोळ्याने पाहायचे, रिकाम्या चौकटीतून दुसरा डोळा रंगवायचा. मग चष्मा उलटा धरून दुसऱ्या डोळ्याची पाळी. हा चष्मा आता सामाईक मालमत्ता आहे.

पहिला तास तयारीतच जातो. दाढी दोनदा करावी लागते, आणि तरीही हनुवटीवर जी निळसर छटा उरते ती नुसत्या फाउंडेशनने झाकत नाही. तिच्यावर आधी नारिंगी लिपस्टिक चोळून मग वर फाउंडेशन द्यावे लागते. ही युक्ती नव्याने आलेल्या माणसाला प्रथम सांगितली जाते तेव्हा तो अर्धवट रंगलेल्या नारिंगी तोंडाने आमच्याकडे पाहतो आणि आपली थट्टा चालली आहे असे त्याला वाटते. मग साड्या. साडी एकट्याने नेसता येते हे खरे, परंतु निऱ्या खालून ओढून सारख्या करायला दुसरे माणूस असले की चापून बसतात. हे काम वर उल्लेखिलेल्या अभियंत्याकडे असते. गुडघे दुखत असतानाही तो जमिनीवर बसतो, एकेक निरी दोन बोटांत धरून खाली खेचतो आणि ‘पोट आत घे, नाहीतर पाचच निऱ्या निघतील’ असे दरडावतो. ज्या माणसाला आपण ऑफिसात किंवा नात्यात ‘कसे आहात’ यापलीकडे काही विचारले नसते, तो आपल्या पायाशी बसून आपल्या साडीचा काठ जमिनीला समांतर आहे की नाही हे डोळे बारीक करून पाहतो आहे, अशी मैत्री पुरुषांच्या वाट्याला एरवी फारशी येत नाही, असे माझे मत आहे.

आता गप्पांविषयी. आमच्या बैठकीत काय बोलले जात असेल याबद्दल लोकांच्या कल्पना बऱ्याच रंगेल असतात, आणि त्यांची निराशा करणे मला भाग आहे. सहा माणसे इरकली, नारायणपेठी आणि एक खरी पैठणी नेसून बसलेली असतात आणि विषय असतो मधुमेहाच्या गोळ्यांचा, मुलाच्या नोकरीचा, सोसायटीच्या पुनर्विकासाचा. त्याखालोखाल क्रमांक लागतो तो मापांचा. बायकांच्या चपला बहुधा आठ नंबरपाशी संपतात आणि आमच्यापैकी चौघांना नऊ-दहा लागतो. काकणे दोन-आठपर्यंत कोठेही मिळतात, दोन-बारा मागितले की दुकानदार आधी हाताकडे आणि मग तोंडाकडे पाहतो. कोणत्या गल्लीत कोणता दुकानदार तोंडाकडे पाहत नाही, ही माहिती आमच्यात सोन्याच्या मोलाची समजली जाते.

ब्लाउज शिवून घेण्याची कथा तर प्रत्येकाकडे आहे. माझी सांगतो. पहिल्यांदा मी धीर करून शिंप्याकडे गेलो आणि ‘बायकोसाठी’ असे म्हणून कागदावर लिहिलेले माझेच माप पुढे केले. शिंपी वयस्कर होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा वर केला, माझ्या खांद्यांकडे एकवार शांतपणे पाहिले आणि म्हणाले, “वहिनींची बाही जरा सैल ठेवतो. वहिनींना हात वर करून पंखा पुसायची सवय दिसते.” पुढे अकरा वर्षे माझे सगळे ब्लाउज त्यांनीच शिवले. त्या वर्षांत आम्ही ‘वहिनीं’विषयी बरेच बोललो, म्हणजे वहिनींचे वजन वाढले, वहिनींना मागचा गळा फार खोल नको, वहिनींनी या वर्षी खणाचा ब्लाउज शिवायला हरकत नाही, वगैरे, परंतु वहिनी कोण, हे दोघांपैकी कोणीही कधी उच्चारले नाही. त्यांच्या निधनानंतर मी त्यांच्या मुलाला भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला की बाबा तुमच्या मिसेसची फार आठवण काढायचे. बैठकीत हे सांगितले तेव्हा आम्ही आधी खूप हसलो आणि नंतर थोडा वेळ कोणी काही बोलले नाही.

मराठीत एक अडचण अशी आहे की तोंड उघडताच क्रियापद आपले लिंग जाहीर करते. इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींना ही चिंता नसते. आम्हाला मात्र ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांतून एक निवडावेच लागते. साडी नेसलेली असेपर्यंत परस्परांना ‘अगं’ म्हणायचे आणि स्वतःविषयी ‘गेले, आले, जेवले’ असे बोलायचे, हा आमचा जुना नियम आहे, आणि ज्याच्या तोंडून ‘गेलो’ निघेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा हा दंड. यातून भाषेचे काही अपूर्व नमुने तयार झाले आहेत. एक जण दंड चुकवण्यासाठी सगळे संभाषण कर्मणी प्रयोगात करतो. ‘माझ्याकडून दोन लाडू खाल्ले गेले’ असे वाक्य शाळेतील व्याकरणाच्या पुस्तकाबाहेर मी प्रथम त्याच्याच तोंडून ऐकले. दुसरा मित्र कोल्हापूरचा. त्याचे म्हणणे असे की त्याची आई, मावशी आणि तिन्ही बहिणी आयुष्यभर ‘मी येतो, मी जातो’ असेच बोलत आल्या आहेत, तेव्हा त्याच्या तोंडचे ‘जातो’ हे मुळात स्त्रीलिंगीच धरले पाहिजे. कोल्हापूरकडच्या बायका तसे बोलतात हे कोणालाच नाकारता येईना. युक्तिवाद बिनतोड होता. मतदान झाले. पाच विरुद्ध एक अशा मतांनी त्याला चहा करावा लागला आणि चहा करायला उठताना तो म्हणाला, “जातो बाई.”

असल्या बोलण्याची ओढ मला फार लहानपणापासून आहे, असे आता मागे वळून पाहताना वाटते. आमच्या गावच्या जत्रेला दशावतारी मंडळी येत. देवळासमोर मांड पडे, आधी आडदशावतार म्हणजे पूर्वरंग, त्यात संकासुराचा धुमाकूळ, मग रात्र चढत जाई तसे आख्यान. संहिता लिहिलेली नसे, नट उभ्या उभ्या संवाद रचत, आणि राणी, पतिव्रता, अप्सरा सगळ्या पुरुषच. एकदा, मी सात-आठ वर्षांचा असेन, लघवीला म्हणून देवळाच्या मागे गेलो तर तेथे कंदिलाच्या उजेडात राणी बिडी ओढत उभी होती आणि थोड्या वेळापूर्वी तिला पळवून नेणारा राक्षस तिच्या पदराला पिन लावत होता. “पिन पदराक लाय मेल्या, माका नको!” असे राणी ओरडली आणि दोघेही इतके हसले की राक्षसाचा मुकुट कलला. मांडावरचे आख्यान मी केव्हाच विसरलो. ती बिडी आणि ते हसणे मात्र पन्नास वर्षांनंतरही तसेच्या तसे डोळ्यांसमोर आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर नाट्यप्रेमी वाचक रागावतील. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे कलावंत आणि घरात साडी नेसणारे आमच्यासारखे हौशी यांना मी एकाच मापाने मोजत नाही. त्यांचे ते व्रत होते आणि पोटापाण्याचा धंदाही होता. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत मराठी नाटकाचा पाया घातला तेव्हापासून पुढे कित्येक दशके स्त्रीपार्ट पुरुषांकडेच होते. भाऊराव कोल्हटकर, मग १९०५ मध्ये शकुंतला म्हणून उभे राहिलेले नारायणराव राजहंस अर्थात बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, अशी ती परंपरा आहे. बालगंधर्व आमच्यापैकी होते असा दावा मी करणार नाही आणि कोणी केला तर त्याला विरोध करीन. मात्र पुण्याला बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन भव्य तैलचित्रे आहेत, एक पुरुषवेशातील आणि दुसरे स्त्रीवेशातील, आणि एकाच माणसाच्या त्या दोन रूपांखाली उभे राहून आजवर हजारो कुटुंबांनी मध्यंतरात बटाटेवडे खाल्ले आहेत. कोणाचा घास अडकल्याचे ऐकिवात नाही. आम्ही सहा जण एकदा मुद्दाम तेथे गेलो होतो, अर्थातच शर्ट-पँटमध्ये. कोल्हापूरकराने स्त्रीवेशातील चित्राकडे बराच वेळ पाहून गंभीरपणे विचारले, “ह्यांच्या निऱ्या कोण ओढत असेल?”

चित्रपटाचेही तसेच. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पडद्यावर आणलेली तारामती म्हणजे अण्णा साळुंके, जे त्याआधी मुंबईच्या एका उपाहारगृहात आचारी होते. पुढे १९१७ च्या लंकादहनाच्या चित्रपटात त्याच अण्णांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. ही माहिती मी बैठकीत दिली तेव्हा आमच्या अभियंत्याने, ज्याच्या लग्नाला चौतीस वर्षे झाली आहेत, एवढेच म्हटले की जगात सर्वांत कमी भांडणे त्याच संसारात झाली असतील.

आपल्या लेखात म्हटले आहे की असे लोक ‘एकमेकांच्या दुःखाच्या आधाराने जगतात’. दुःख नाही असे कोण म्हणेल? आमच्यापैकी एकाचा संसार या कारणावरून मोडला. दुसरा गेली बावीस वर्षे साड्यांची बॅग ऑफिसच्या कपाटात ठेवतो आणि बदलीचा हुकूम निघाला की त्याला आधी त्या बॅगेची काळजी पडते. परंतु आम्ही भेटतो ते दुःख उगाळायला नव्हे. दुःख आपापल्या घरी भरपूर उगाळून झालेले असते. ज्याचा संसार मोडला तोच आमच्यात सर्वांत जास्त विनोद करतो, आणि त्याच्या विनोदावर हसणे हीच त्याची विचारपूस असते. हे मला बाहेरच्या माणसाला नीट समजावून सांगता येत नाही, म्हणून एक प्रसंगच सांगतो.

सहा वर्षांपूर्वी आमच्यातील एकाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. आम्ही पाचही जण रुग्णालयात गेलो. खाटेशेजारी त्याचे मोठे भाऊ बसले होते. त्यांनी साहजिकच विचारले की तुम्ही सगळे याचे कोण. एक बँकेत, एक शिक्षक, एक निवृत्त अभियंता, एक औषधांच्या दुकानात, एक मी. वये अठ्ठावीसपासून सदुसष्टपर्यंत. राहण्याची ठिकाणे पाच दिशांना. कोणताही सामाईक धागा सुचेना, तेव्हा शिक्षक मित्र गडबडीने म्हणाला, “भजनी मंडळ.” भाऊ एकदम प्रसन्न झाले. धाकट्याला असे काही वेड आहे हे त्यांना आजवर माहीतच नव्हते. नळ्या लावलेला आमचा मित्र डोळे मिटून पडला होता, पण त्याचे पोट हलताना आम्हाला दिसत होते आणि टाके ताजे असल्यामुळे परिचारिका त्याला हसू नका म्हणून ओरडत होती.

तो बरा होऊन घरी आल्यावर भावांनी सत्यनारायण घातला आणि आम्हाला निरोप आला की मंडळाने सेवा करावी. आता माघार घेता येत नव्हती. आमच्यापैकी कोणालाही धड गाता येत नव्हते. पुढच्या दोन बैठका आम्ही साड्या नेसून टाळ कुटत काढल्या. शिक्षकाने दोन अभंग आणि एक गवळण बसवली. गवळणीचा सराव चालू असताना बँकवाला मध्येच थांबला आणि म्हणाला की यात बोलणारी ‘मी’ ही गौळण आहे, सगळी क्रियापदे आपल्याच नियमाप्रमाणे आहेत, म्हणजे हा नियम संतांनी आधीच केलेला दिसतो. खरेच होते. ज्ञानदेवांपासून एकनाथ-तुकारामांपर्यंत पुरुषांनी गोपीच्या तोंडून गवळणी आणि विराण्या म्हणजे विरहाची पदे लिहिली, एकनाथांनी तर भारुडात सासुरवाशिणीचे गाऱ्हाणे मांडले, आणि गावोगावचे मिशाळ बुवा आजही ते बायकी ठसक्यात गातात. पूजेच्या दिवशी आम्ही सदरे-पायजमे घालून ती गवळण गाईली. टाळ चुकले, सूर तर कोणाचाच लागला नाही. तरी भावांच्या डोळ्यांत पाणी आले. तेव्हापासून दर बैठकीची सुरुवात आम्ही खरोखरच एका अभंगाने करतो, कारण पुढच्या सत्यनारायणाचा भरवसा देता येत नाही.

‘अशा लोकांना एकत्र येण्यास आपल्या समाजात जागा नाही’ असेही एक वाक्य लेखात आहे. जागा शोधावी लागते, एवढे खरे. केरळात कोल्लम जिल्ह्यातील चवरा येथे कोट्टनकुलंगरा देवीचे मंदिर आहे. तेथे दरवर्षी मार्च महिन्यात, मल्याळी मीनम महिन्याच्या दहाव्या आणि अकराव्या दिवशी, हजारो पुरुष स्त्रीवेश करून हातात दिवे घेऊन देवीपुढे उभे राहतात. त्यांतील बहुसंख्य नवस म्हणून येतात आणि त्यांना साडी नेसवायला त्यांच्याच आया-बायका सोबत असतात. आमच्यातील औषधांच्या दुकानातला मित्र तेथे जाऊन आला. तो नऊवारी नेसून गेला होता. तिकडच्या एका आजीने त्याचा कासोटा न्याहाळला, त्याला मागे वळायला लावले, आपल्या सुनेला बोलावून दाखवला आणि मग त्या दोघींना तो कासोटा कसा घालायचा हे शिकवण्यात त्याची अर्धी रात्र गेली. दोन्ही बाजूंना एकमेकांची भाषा येत नव्हती.

आणखी एक आठवण अमेरिकेची आहे, ती मी वाचलेली. न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिलच्या डोंगरांत पन्नास-साठच्या दशकांत अशा लोकांसाठी सुट्टीत राहण्याची एक जागा होती, कासा सुझॅना नावाची. ती चालवणाऱ्यांपैकी एक स्वतः स्त्रीवेश करीत असे, तर त्याची पत्नी शहरात केसांच्या टोपांचे दुकान चालवी. तेथे काढलेली घरगुती छायाचित्रे पुढे अनेक वर्षांनी न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारात कोणाला तरी सापडली आणि मग जगाला ती जागा माहीत झाली. मी ती छायाचित्रे पाहिली आहेत. त्यात नीटनेटक्या मध्यमवयीन बायका दिसतात, ओळीने सोफ्यावर बसलेल्या, अंगणात उभ्या राहिलेल्या, कोणाच्या तरी बोलण्यावर मान मागे टाकून हसणाऱ्या. कपडे त्यांचे, सोफा त्यांचा. बसण्याची ऐट मात्र थेट आमच्या कोल्हापूरकराची.

पत्नीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. माझ्या पत्नीला नऊ वर्षांपूर्वी कळले. पहिली दोन वर्षे कठीण गेली, त्याबद्दल येथे लिहिण्याचा अधिकार माझ्या एकट्याचा नाही. आता तिची एकच अट आहे, तिच्या कपाटाला हात लावायचा नाही; आणि तिची एकच तक्रार आहे, माझ्या साड्यांना फॉल-पिको वेळेवर होतो आणि तिच्या साड्या सहा सहा महिने तशाच पडून राहतात.

लेखात काही शब्दांची सरमिसळ झाली आहे, तिच्याकडेही लक्ष वेधतो. स्त्रीवेश करणारा पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्ती यांत फरक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता देणारा जो निकाल दिला, तो त्यांच्या फार मोठ्या लढ्याचे फळ आहे. आम्ही वीस सेफ्टी पिनांच्या जोरावर त्यात वाटा मागणे शोभणार नाही. आम्ही पुरुष आहोत आणि अधूनमधून साडी नेसतो. आमच्यातील सर्वांत तरुण मैत्रिणीला मात्र तीन वर्षांपूर्वी उमगले की तिच्या बाबतीत हे अधूनमधूनचे नाही. ती आता कायमचीच ‘ती’ आहे, उपचार घेते आहे आणि बैठकीला येताना तिला कपडे बदलावे लागत नाहीत. व्याकरणाचा दंड तिला आजन्म माफ आहे. दुसरी गोष्ट, लेखात एके ठिकाणी ‘ही विकृती’ असा शब्द आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. आधीच्या आवृत्तीत वेशांतराच्या नावाने जी निदाने होती, ती तिच्यात ठेवलेली नाहीत. आपल्या देशात पुरुषाने साडी नेसू नये असा कायदाही नाही. आपल्या वृत्तपत्राने तरी तो शब्द पुन्हा छापू नये, ही विनंती.

दुसरी विनंती अशी की या विषयावर पुन्हा लिहायचे झाल्यास आपल्या प्रतिनिधीला आमच्या बैठकीला पाठवावे. छायाचित्रे घेता येणार नाहीत आणि नावे छापता येणार नाहीत, एवढ्याच अटी आहेत. प्रतिनिधी पुरुष असल्यास त्यांना साडी नेसण्याचा आग्रह होणार नाही. निऱ्या ओढायला मात्र बसवले जाईल, कारण आमच्या अभियंत्याच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे. त्या वेळीही रुग्णालयात कोणी विचारले तर उत्तर तयार आहे आणि या वेळी चार अभंग पाठ आहेत.

शेवटी एक दुरुस्ती, जी आपण कृपया छापावी. छायाचित्राखालील ओळीत ‘पारंपरिक नऊवारी साडीतील पुरुष’ असे म्हटले आहे. छायाचित्र पाठमोरे असूनही त्यात कासोटा कोठेही दिसत नाही आणि पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला आहे. ती साडी सहावारी असून गुजराती पद्धतीने नेसलेली आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, ठाणे जिल्हा
(नाव व पत्ता केवळ संपादकांच्या माहितीसाठी स्वतंत्र कागदावर जोडला आहे, कृपया प्रसिद्ध करू नये.)